चारचा पाढा

३ जानेवारी
आरोग्यनिवास, खोली नऊ

भोंग्या,

आशीर्वाद. पोचले. खाट खिडकीशी आहे, खुब्यात नवा सांधा आहे आणि व्यायाम घेणारी पोरगी मला ‘आजी’ म्हणते. एवढे सोडले तर तक्रार नाही. भिंतीवरच्या घड्याळात सेल घालायला स्टुलावर चढायचे नसते, हे सासष्टाव्या वर्षी कळले. दोन महिने ठेवतील म्हणतात.

फोन करू नकोस. कानातले यंत्र फोन लावला की शिट्टी घालते. आणि तसेही फोनवर तू बोलतोस आणि मी ‘हं’ म्हणते. पत्र लिही. कागदावर निदान माझे वाक्य तुला मध्येच तोडता येत नाही.

आता आपला बोका, शून्या. उंबऱ्यात मी सांगत होते तेव्हा तू ‘कळलं, कळलं’ म्हणत होतास, म्हणजे काही कळले नाही. पुन्हा लिहिते. हे पान फ्रिजच्या दारावर लाव.

सकाळी सात आणि संध्याकाळी सात. आधी खाणे, मग सुई. खाल्ले नाही तर सुई नाही, दवाखान्यात फोन. इन्सुलिनची बाटली हलवायची नाही, दोन तळव्यांत हळू लाटायची. लाल टोपीची सिरिंज, दोन युनिट. चालताना झोकांड्या खाऊ लागला तर हिरड्यांना साखरेचे पाणी आणि लगेच दवाखाना. सुईनंतर दम्याचा पंप. नाकातोंडावर मास्क, दोन फवारे, प्रत्येक फवाऱ्याला त्याचे दहा श्वास होईपर्यंत मास्क काढायचा नाही. ओरबाडेल. ओरबाडू दे.

आधी त्याला दम्याच्या गोळ्या होत्या. गोळ्यांनी श्वास सुधारला आणि साखर चढवली. म्हणून पंप आला. पण श्वासाचे औषध वाढवले की साखर थोडी वर जाते आणि कमी केले की दम लागतो. इकडे आड तिकडे विहीर. मधल्या काठावरून तो आणि मी एक वर्ष चालतो आहोत, आणि तो काठ म्हणजे आकडे.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचे: रोज एकदा, तो गाढ झोपलेला असताना, श्वास मोज. छाती वर आणि खाली मिळून एक. पंधरा सेकंद मोजायचे, चारने गुणायचे. तिसाच्या आत असावे. चाळीसच्या वर गेले तर चप्पल घालायलाही थांबू नकोस. आकडे तक्त्यात, तक्ता दर शनिवारी मला. मी नक्कल करून डॉक्टरीणबाईंना पाठवीन, कारण तुझे अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी चालल्यासारखे. ती माझ्याच वर्गातली पोरगी आहे, तिला नीटनेटके लागते. त्या आकड्यांवर ती औषध कमी-जास्त करणार.

चाळीस वर्षे तू कामगारांच्या सभा गाजवल्यास. मी चाळीस वर्षे गणित शिकवले. माझ्याजवळ आता गोल होऊन झोपणारे एक शून्य उरले आहे. मी परत येईन तेव्हा ते दारात असावे. बाकी काही मागत नाही.

तुझी ताई


११ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार. पान फ्रिजवर लागले. येता-जाता वाटते की पाठीमागे तू छडी घेऊन उभी आहेस.

पहिले तीन दिवस खालच्या शिंपीणबाईने सुई टोचली, हे कबूल करतो. मालकांना भ्यालो नाही, मंत्र्यांना भ्यालो नाही, एकदा घोड्यावरच्या पोलिसांसमोर छाती काढून उभा राहिलो. पण साडेचार किलोच्या बोक्याच्या मानेची कातडी चिमटीत धरली आणि सुई परत खाली ठेवली. शिंपीणबाई म्हणाली, “आणा इकडे. जन्मभर सुईच तर टोचतेय मी. आणि तुम्ही जरा हळू बोला हो भाऊ, तो काय शेवटच्या रांगेत बसलाय?”

सोमवारपासून मात्र मी स्वतः. सात म्हणजे सात. सुई टोचल्यावर हा पठ्ठ्या हूं की चूं करत नाही, वाटीतले खात राहतो. ताई, मी विचार करतो, जगात दोन प्रकारचे प्राणी आहेत. एकाला टोचले की तो सभा घेतो आणि दुसऱ्याला टोचले तरी त्याच्याजवळ शब्द नसतो. मी आयुष्यभर बोललो ते या दुसऱ्यासाठी. ज्याला तोंड नाही त्याचे तोंड व्हायचे, एवढा एकच धर्म मी पाळला. उतारवयात त्यातलाच एक घरात मिळाला, हे माझे भाग्य समज.

आमचे छान जमले आहे. दुपारी माझ्या खुर्चीशेजारच्या उशीवर तो शून्य होऊन निजतो आणि मी चष्मा चढवून मोजतो. हा घे तक्ता.

सोमवार २३, मंगळवार २६, बुधवार २५, गुरुवार २४, शुक्रवार २२.

सगळे तिसाच्या आत. काळजी नको. खुबा सांभाळ.

तुझा भोंगा


१५ जानेवारी

भोंग्या,

तक्ता मिळाला. नक्कल करून पाठवला.

इकडे आता काठी घेऊन दारापर्यंत जाते. शेजारच्या खोलीतल्या बाई रोज त्यांच्या नातवाचे फोटो दाखवतात. मीही शून्याचा दाखवला. त्या म्हणाल्या, “चेहरा तुमच्यावर गेलाय.”

एक विचारायचे होते. मोजतोस कसा? पूर्ण मिनिट, की मी सांगितले तसे पंधरा सेकंद? आणि चारचा पाढा आठवतो ना? चौथीत तू ‘सात चोक सव्वीस’ म्हणायचास, आणि गुरुजींनी चूक दाखवली की वर्गासमोर त्यांच्याशीच वाद घालायचास.

ताई


१८ जानेवारी

ताई,

पंधरा सेकंद! बरोब्बर पंधरा. बाबांचे मनगटी घड्याळ समोर ठेवतो, सेकंदकाटा बारावर आला की सुरू, तीनवर आला की बंद, मग गुणिले चार. तू आखून दिलेल्या रेघेच्या बाहेर पाऊल नाही.

आणि माझी टिंगल पुरे. सात चोक अठ्ठावीस, आठ चोक बत्तीस, नऊ चोक छत्तीस. झोपेतून उठवलेस तरी म्हणून दाखवीन. निवृत्त झालीस तरी माणसाला फळ्यापाशी उभे करायची तुझी खोड काही जात नाही.

शनिवार २५, रविवार २३, सोमवार २७, मंगळवार २६, बुधवार २५, गुरुवार २२, शुक्रवार २५.

एक आनंदाची बातमी. ग्रंथालयाच्या सभागृहात नऊ फेब्रुवारीला माझे व्याख्यान ठेवले आहे. विषय मीच दिला: ‘गप्प बसणाऱ्यांचा गुन्हा’. तीन वर्षांनी कोणी बोलावले, ताई. घसा गंजला होता. रोज सकाळी नाश्त्यानंतर बाहेरच्या खोलीत उभा राहून पूर्ण आवाजात तालीम करतो. शून्या माझा पहिला श्रोता. अजून एकदाही उठून गेला नाही, हे कामगारांपेक्षा बरे.

तुझा भोंगा


२९ जानेवारी

भोंग्या,

पंचवीस तारखेचाही तक्ता मिळाला.

डॉक्टरीणबाईंचे पत्र आले. त्या लिहितात की दोन आठवडे श्वास छान स्थिर आहे, डिसेंबरच्या तपासणीत रक्तातली साखर मात्र थोडी जास्त होती, तेव्हा पंप आता दिवसातून एकदाच द्यावा, फक्त सकाळी, एकच फवारा. पत्र सोबत जोडले आहे. हे मला सोमवारीच मिळाले होते. दोन दिवस उशीखाली ठेवले. का ठेवले ते सांगता येत नाही.

तुला काही सांगायचे असेल तर सांग. मी लांब आहे. रागावले तरी तुला ऐकू येणार नाही.

ताई


१० फेब्रुवारी

ताई,

सभागृह भरले! माणसे भिंतीला टेकून उभी होती. म्हातारे आले होते, जुने संपवाले आले होते, नव्या पिढीची पोरेही होती. सव्वा तास बोललो, पाण्याचा घोट घेतला नाही. वर्तमानपत्रातले कात्रण जोडतो. त्यांनी चौकटीत छापलेले वाक्य बघ: ‘जो पाहतो आणि गप्प बसतो, तो गुन्ह्याचा साक्षीदार नसतो, भागीदार असतो.’ या वाक्यावर टाळ्या थांबेनात. एक बाई रडत होत्या.

व्याख्यानाच्या गडबडीत गेल्या आठवड्याचे पत्र राहिले. दोन्ही आठवड्यांचे आकडे मागच्या पानावर आहेत. सगळे बावीस ते सत्तावीस. पंप एकदाच झाल्याने दोघेही सुखी. त्याला ओरबाडायला नको, मला ओरबाडून घ्यायला नको. जरा खोकतो, पण हवा कोरडी आहे, मलाही खोकला आहे.

तुझे ‘काही सांगायचे असेल तर’ वाचून हसू आले. अगं, काय सांगायचे? तुझे घर आहे तसे आहे. फक्त न्हाणीघराच्या बाजूच्या नळात हवा धरते. तीन दिवस झाले, मधूनमधून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. नळवाल्याला सांगितले आहे, गुरुवारी येतो म्हणाला.

तुझा भोंगा


१४ फेब्रुवारी

ताई,

मंगळवारी तुझ्या तिथल्या नर्सकडे निरोप ठेवला होता: ‘शून्या दवाखान्यात, जिवंत आहे.’ आज अधिक सांगता येते. अजून जिवंत आहे. काल दुपारी प्राणवायूच्या पेटीतून बाहेर काढला, आज थोडे खाल्ले.

आता जे लिहितो ते उभ्याने लिहितो आहे. बसून लिहायची लाज वाटते.

मंगळवारी सकाळी शिंपीणबाई माझ्या कोटाची बाही शिवून घेऊन वर आली. मी चहा टाकत होतो. ती न्हाणीघराच्या दाराशी थांबली.

“भाऊ, हा आवाज कसला?”

“नळात हवा आहे. गुरुवारी माणूस येतोय.”

ती थोडा वेळ कान देऊन उभी राहिली. मग कोट जमिनीवर टाकून तिने आईची जुनी ट्रंक ओढली. “नळ नाही वाजत हो! तुमचं मांजर वाजतंय!”

तो ट्रंकेमागे भिंतीला लागून होता. पुढचे पाय फाकलेले, मान लांब केलेली, तोंड उघडे. मी कधी मांजराला तोंडाने श्वास घेताना पाहिले नव्हते. जीभ जांभळी पडली होती. शिंपीणबाईने त्याला कापडाच्या टोपलीत घातले आणि आम्ही पळालो. मी अनवाणी होतो. तुझे एवढे एक म्हणणे पाळले गेले.

नळवाला गुरुवारी येणार होता. शून्याला गुरुवार दिसला नसता.

डॉक्टरीणबाईंनी त्याला पेटीत ठेवले, इंजेक्शन दिले, तेच औषध जे वर्षभर तू टाळत होतीस. श्वास उतरला, साखर आभाळाला भिडली. मग त्या तुझ्या अक्षरातले तक्ते घेऊन बाहेर आल्या.

“काका, हे आकडे कोणी मोजले?”

“मी.”

“पंधरा सेकंद मोजून चारने गुणले?”

“हो.”

“पंचवीसला चारने भागा.”

मी म्हणालो, “आता या वेळी हिशेब...”

“भागा ना.”

“सव्वासहा.”

“हा तेवीस भागा. हा सव्वीस.”

पावणेसहा. साडेसहा. मी वर्गातल्यासारखा उत्तरे देत गेलो. तिथे एक बाई कुत्रा घेऊन बसल्या होत्या, एक म्हातारा पिंजरा घेऊन बसला होता, सगळे ऐकत होते. चाळीस वर्षांत एवढी शांत सभा मला मिळाली नव्हती.

“काका,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढलेला नव्हता, “मांजर सव्वा श्वास घेत नाही.” मग हातातल्या कागदांकडे बघून म्हणाल्या, “मीही बघायला हवं होतं. पण अक्षर बाईंचं होतं. बाईंचं अक्षर दिसलं की मी आकडे तपासत नाही.”

ताई, एकही आकडा खरा नाही. पहिल्या सोमवारपासून एकही नाही. सुई मी चुकवली नाही, पंपही दिला, जरी दहा श्वास म्हणता म्हणता कधी सहावरच मास्क काढला. पण श्वास मोजलेच नाहीत. खरे दिसावेत म्हणून आकडे खाली-वर करत गेलो. सगळे सारखे लिहिले असते तर संशय आला असता ना! खोटे बोलायलाही मी घाम गाळला आणि त्यातही माझे गणित कच्चे निघाले.

का, ते ऐक. तो माझ्यासमोर कधी झोपलाच नाही. एकदाही नाही. खुर्चीशेजारच्या उशीवर तो आला नाही. उशी अजून तुझ्या इस्त्रीच्या घडीत आहे. सात वाजता यायचा, खायचा, टोचून घ्यायचा आणि ट्रंकेमागे जायचा. मी आलो त्या दिवसापासून. मी आवाज चढवला की तिथे अंग चोरून बसायचा आणि मी रोज सकाळी दीड तास आवाज चढवत होतो. तो माझा श्रोता नव्हता. त्याला पळायला आणखी लांब जागा नव्हती, इतकेच.

हे मला तुला लिहिता आले असते. ‘ताई, हा माझ्या आवाजाला भितो, झोपत नाही, मोजता येत नाही.’ एक ओळ. तू उपाय सांगितला असतास. पण मी कोण? ज्याच्या आवाजाने भेदरलेल्या माणसांना धीर येतो, असे लोक सांगत आले, तो मी. त्या आवाजाला भिऊन एक आजारी जनावर महिनाभर भिंतीला चिकटून बसले, हे लिहायला माझा हात धजला नाही. मुक्याचे तोंड होणार म्हणालो होतो ना? मुका तीन दिवस ट्रंकेमागून शिट्टी वाजवत होता. मी नळवाल्याला बोलावले.

त्याच हॉलमध्ये, त्याच रविवारी, गप्प बसणाऱ्यांना मी गुन्हेगार म्हणालो आणि टाळ्या घेतल्या. तो तेव्हा घरी ट्रंकेमागे होता.

शून्या रविवारी घरी येईल. शिंपीणबाई त्याला ठेवून घ्यायला तयार आहे. तिचे यंत्र वाजते, पण ती गात नाही आणि ओरडत नाही. मी माझ्या खोलीवर परत जावे हे बरे. तू म्हणशील तसे.

एक शेवटचे. दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो तेव्हा अचानक तुझे पत्र आठवले. ‘चारचा पाढा आठवतो ना?’ मला वाटले तू चिडवते आहेस.

ताई, तुला तेव्हाच कळले होते का?

भोंगा


१८ फेब्रुवारी

भोंग्या,

हो.

पाकीट फोडले आणि २३ दिसला, तेव्हाच. चाळीस वर्षे पोरांच्या वह्या तपासल्या. उत्तर मागच्या पानावरून उतरवलेले असते तेव्हा कसे दिसते ते मला कळते. पाचांत एक २४ तेवढा पाढ्यात बसत होता, तोही बिचारा चुकून आला होता.

आता माझे ऐक. तू उभ्याने लिहिलेस, मला फार वेळ उभे राहता येत नाही, म्हणून बसून लिहिते. पण लाज तुझ्यापेक्षा कमी समजू नकोस.

मी ते आकडे नकलून काढले. रेघा मारल्या, रकाने आखले, वर तारीख टाकली. २३ लिहिताना पेन थांबले. मग स्वतःला म्हणाले, मी थोडेच खोटे लिहिते आहे, मी फक्त नक्कल करते आहे. खोटे तुझे, अक्षर माझे. तुझ्या अक्षरात तो कागद गेला असता तर पोरीने दोनदा वाचला असता. माझ्या अक्षरात गेला म्हणून तिने विश्वास ठेवला. ते अक्षर मी आयुष्यभर घोटले ते याच कामासाठी, असे आता वाटते.

आणि का? पहिले कारण, ती पोरगी. तिच्या वर्गाला मी एकदा मैदानावर घेऊन गेले होते, तुझे भाषण ऐकायला. ‘हा माझा भाऊ’ असे म्हणाले होते. तिला कसे लिहू की तोच भाऊ मांजराचे श्वास मनाने लिहितो? घरची अब्रू. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. आपल्या झाकल्या मुठीत एक श्वास कोंडला होता, भोंग्या, आणि मी मूठ उघडली नाही.

दुसरे कारण त्याहून वाईट. मला भीती होती की तुझे खोटे धरले तर तू तिरीमिरीत निघून जाशील. तू नेहमी निघून जातोस. वर्गातून गेलास, दोन नोकऱ्यांतून गेलास, बाबांशी भांडून जेवणाच्या ताटावरून गेलास. मी इथे खाटेवर आणि शून्याला कोणी नाही, या विचाराने मी घाबरले. खोटे लिहिणारा का होईना, घरात माणूस आहे ना, असे म्हणून मन आवरले. म्हणून नुसते खडे टाकत बसले. पाढा आठवतो का, काही सांगायचे आहे का. सरळ एक वाक्य लिहिणे मला जमले नाही. औषध निम्म्याहून कमी झाल्याचे पत्र दोन दिवस उशीखाली ठेवले आणि तिसऱ्या दिवशी माझ्या हाताने तुला पाठवले. कळत असताना.

तुझे कात्रण मला दवाखान्याच्या निरोपानंतर दुसऱ्या दिवशी मिळाले. चौकटीतले वाक्य वाचले. त्या दिवशी मी व्यायामाला उठले नाही. व्यायामाची पोरगी म्हणाली, “आजी, दुखतंय का?” मी हो म्हणाले. तू सभागृहात कोणाला उद्देशून बोलत होतास ते तुला माहीत नव्हते. मला माहीत आहे. तू निदान ज्याच्याविषयी बोलत होतास त्याला ओळखत नव्हतास. मी रोज आरशात बघते.

काल डॉक्टरीणबाईंना पत्र टाकले. मला पहिल्या तक्त्यापासून माहीत होते, एवढेच लिहिले. कारणे लिहिली नाहीत. वर्गात मी कारणे ऐकून घेत नसे.

तू जायचे नाहीस. हे विनवणी म्हणून वाच किंवा ताईचा हुकूम म्हणून वाच. शिंपीणबाईंचे उपकार आहेत, पण सुई आणि पंप तुझ्याकडेच राहू दे. एक काम मात्र नवीन. शून्या आता घरी आला असेल, तर गप्प बस. मोजायचे नंतर. आधी नुसते गप्प बस. तुला जमेल असे मला वाटत नाही. तरी कर.

ताई


४ मार्च

ताई,

मागे तक्ता आहे. त्यात बरीच घरे रिकामी आहेत. रिकामे घर म्हणजे तो माझ्यासमोर झोपला नाही. जागेपणी लांबून मोजलेले आकडे बाजूच्या रकान्यात आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपेतला मिळेपर्यंत तेही चालतील, फक्त ‘जागा’ असे लिहा. लिहिले आहे. काही आकडे चांगले नाहीत. पंप पुन्हा दोन वेळा, दोन फवारे, दहा श्वास पूर्ण. इन्सुलिन तीन युनिट. दर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात रक्त तपासतात.

ट्रंक मी हलवली नाही. त्याची जागा आहे ती. तिच्यापासून चार हातांवर तुझे ते स्टूल ठेवले, घड्याळाचे, आणि बसू लागलो. पहिल्या दिवशी सहा मिनिटांत मी घसा खाकरला आणि तो आत गेला. दुसऱ्या दिवशी अकरा मिनिटे. मला माहीत नव्हते की मी इतका आवाज करतो, ताई. बोलत नसलो तरी करतो. उसासे टाकतो, गुडघा हलवतो, मनातली वाक्ये ओठांवर येतात. त्याचे कान प्रत्येक वेळी फिरायचे.

शिंपीणबाईने चौथ्या दिवशी दारातून डोकावून पाहिले. “भाऊ, तोंडाला टाके घातले की काय? मला सांगायचं, बारीक घातले असते.” मी हाताने गप्प म्हणून खूण केली. ती हसली, पण चप्पल काढून आली आणि पाच मिनिटे माझ्याजवळ जमिनीवर बसली. तिला जमते.

ग्रंथालयाचे पत्र आले होते, तेच व्याख्यान पुन्हा द्याल का म्हणून. नाही म्हणून कळवले. कारण लिहिले नाही, तुझ्यासारखेच.

गेल्या गुरुवारी तो ट्रंकेच्या पुढे आला आणि बसला. शनिवारी पाय दुमडून बसला, डोळे अर्धे मिटून. आज दुपारी उन्हाचा तुकडा फरशीवर आला होता. तो त्यात गेला, दोनदा फिरला, शेपूट नाकापर्यंत ओढली आणि शून्य झाला. मी बाबांचे घड्याळ हळूच काढले. सेकंदकाटा बारावर आला.

तीनवर आल्यावर मी थांबलो नाही. मला भीती वाटली की थांबलो तर मध्येच काहीतरी माझ्याच मनाचे घालीन. पुन्हा बारावर येईपर्यंत मोजत राहिलो. साठ सेकंद. एवढा वेळ मी आयुष्यात कोणाकडे न बोलता पाहिले नव्हते. बाबांकडेही नाही. छाती वर येते तेव्हा शेवटी किंचित अडखळते, हेही पहिल्यांदा दिसले.

एकतीस.

तिसाच्या वर एक आहे. मी तो तीस केला नाही. आणि चारच्या पाढ्यात तो बसत नाही. दिसायला अगदी माझ्या जुन्या आकड्यांसारखा आहे, हे मला कळते. तू खरा मानावास असे माझ्याजवळ काही नाही. मानला नाहीस तर वाद घालणार नाही आणि निघूनही जाणार नाही. उद्या पुन्हा मोजीन.

भोंगा


७ मार्च

भोंग्या,

एकतीस मिळाले.

हा तक्ता मी नकलून पाठवणार नाही. परत पाठवते आहे. डॉक्टरीणबाईंना तो तुझ्याच अक्षरात जाऊ दे.

ताई